छोटा कैया आणि नदीकाठची चौकी

चांदा

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या पेटीत पक्कड, पेचकस आणि कैया ही तीन हत्यारं लागतातच. पक्कड-पेचकसाचं फारसं काही नसतं, कोणतीही चालते. कैयाचं मात्र तसं नाही. तांब्याचं टोक तापवायचं, त्याने कथील वितळवायचं आणि तारांचे तुटलेले जोड पुन्हा सांधायचे, एवढंच त्याचं काम. पण ते टोक कशाने तापवायचं आणि ते किती वेळ तापलेलं राहणार, यावर सगळी दुरुस्ती अवलंबून असते. नागपुरातल्या माझ्या दुकानात विजेचा कैया होता. मी निघालो होतो आलापल्लीच्याही पुढे, जिथे विजेची तार अजून पोचलेली नाही, अशा मुलखात. तेव्हा तो कैया घरीच ठेवून चांद्याला उतरलो.

काम एका सरकारी खात्याचं होतं. नदीकाठी त्यांची एक चौकी होती. तिथलं बिनतारी यंत्र दोन महिने मुकं झालं होतं. पावसाळ्यात नदीचं पाणी किती चढलं ते त्या यंत्रावरून रोज कळवायचं, आणि इतर दिवसांत जंगलातली जी काही खबर असेल ती. तिथला ऑपरेटर एकटाच राहतो, त्याचं नाव तिजारे, एवढंच मला सांगितलं होतं. वाटेत गडचिरोलीला एक ऐकण्याचा संच बिघडला होता, तोही बघायचा होता.

चांद्यात जटपुरा दरवाज्याच्या अलीकडे करीमभाईंचं टीनकामाचं दुकान होतं. कंदील, पंप, चाळण्या, डबे, सगळ्याला कथलाचा डाख लावून देणारा माणूस. वय साठीच्या पुढे, बोटांची टोकं जळून जळून गुळगुळीत झालेली. मी त्यांना माझी अडचण सांगितली. त्यांनी दोन कैये माझ्यापुढे ठेवले.

पहिला कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, तांब्याचा चांगला जाड गोळा, लोखंडी दांडा आणि लाकडी मूठ. कोळशाच्या शेगडीत खुपसून लाल करायचा. उचलला तर मनगट खाली गेलं. दुसरा त्यांनी स्वतः घडवलेला. करंगळीएवढं तांब्याचं टोक, त्याखाली वातीची एक इवलीशी डबी, डबीत स्पिरिट. सगळं घडी घालून तंबाखूच्या डब्यात बसत होतं. असली वस्तू मी नागपुरातही पाहिली नव्हती. मी ती हातात घेतली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"हा घड्याळवाल्यासाठी बनवला होता," करीमभाई म्हणाले. "बारीक कामाले चांगला हाये. पन जाड तारेले याची आग पुरनार नाई भाऊ."

"यंत्रातले जोड बारीकच असतात," मी म्हणालो.

"असन. पन एक गोष्ट सांगतो. जंगलात जाऊन राह्यले तुमी. कोळसा तुमाले कुठीबी भेटन. स्पिरिट कुठी भेटन?"

"बाटली भरून नेतो ना."

त्यांनी मोठा कैया पुन्हा खिळ्याला अडकवला. "तुमचं काम, तुमाले मालूम," एवढंच म्हणाले.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. ओझ्याचं होतंच, शेवटचे अठरा मैल पायी होते. पण त्याहून जास्त म्हणजे, शेगडी फुंकत, कोळशाने हात काळे करत सरकारी यंत्रापुढे बसायची मला लाज वाटत होती. तो छोटा डबा उघडून बसलो की मी कसा शास्त्रज्ञासारखा दिसेन, हे मी मनात पाहत होतो. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याकडून मोठी बाटली भरून स्पिरिट घेतलं, बूच घट्ट बसवलं, वर 'विष' अशी चिठ्ठी डकवली आणि टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवली.

गडचिरोली

मूल, सावली, व्याहाड अशी मोटार. त्यापुढे वैनगंगा नावेने. नावेत दोन बैल, एक सायकल, तांदळाची पोती आणि आम्ही नऊ माणसं. जानेवारीतली नदी शांत, पाण्यातली वाळू दिसत होती. पलीकडे पुन्हा मोटार.

मी अमरावतीकडचा. आमच्याकडे ज्वारीची भाकर नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही. इथे सकाळी भात, दुपारी भात, रात्रीही भात, आणि त्यावर लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण. गडचिरोलीच्या खाणावळीतल्या बाईंना मी भाकर मागितली तर त्या म्हणाल्या, "भाकर आजाऱ्याले देतो भाऊ. तुमाले काई झालं काय?" आमच्याकडे नेमकं उलटं, तापकऱ्याला भात. त्यांनी मात्र मुद्दाम माझ्यासाठी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी केली, आणि ती इतकी चांगली होती की भाकरीची आठवण गेली.

तिथला संच दीड तासात बोलू लागला. दोन बारीक जोड सुटले होते. छोट्या कैयाने ते असे सुबक बसले की बघायला जमलेल्या माणसांपैकी एकाने डबा हातात घेऊन पाहण्याची परवानगी मागितली. करीमभाईंना हे दाखवायला हवं, असं मला वाटलं.

वाटेवर

आलापल्लीपर्यंत सागवानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. तिथे लच्चू मडावी मला न्यायला आला होता. पन्नाशीचा, सडसडीत, खांद्यावर कुऱ्हाड. चौकीजवळच्या गोंड वस्तीत त्याचं घर. चौकीचं टपाल आणि शिधा तोच आणत असे. त्याने "जोहार" केला, माझी पेटी कावडीच्या एका बाजूला लावली, दुसरीकडे तांदूळ-मीठ, आणि चालू लागला. मी रिकाम्या हाताने त्याच्यामागे.

वाट दोन दिवसांची. सागाची वाळकी पानं पायाखाली इतका आवाज करत की बोलायचं तर थांबावं लागे. एका ओढ्यात शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय सरकला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात बसलो. पेटी लच्चूकडे होती म्हणून वाचली. त्याने हसू दाबत मला हात दिला, जाळ करून कपडे वाळवायला लावले आणि तोवर पळसाच्या पानावर भाजलेली सुकी मासोळी आणि भात दिला.

"तिजारेसाहेब कसे आहेत?" मी विचारलं.

त्याने जाळात एक काटकी सरकवली. "साहेब चांगला मानूस हाये," तो म्हणाला. "पन जेवत नाई. पावसाळ्यात त्याची पोरगी मेली, वर्ध्याले. तवापासून मोहाची दारू मागे. आमी देत होतो. मंग गावानं ठरवलं, याले आता द्याची नाई. मरून जाईन मानूस."

"पोरीला बघायला गेले नव्हते?"

"नदी भरली होती भाऊ. कसा जाईन?"

चौकी

नदीच्या उंच काठावर दगडी चौथऱ्याची, कौलारू दोन खोल्यांची चौकी. पुढे बांबूच्या दोन उंच खांबांवर तार ताणलेली. दारात तिजारे उभा होता. चाळिशी गाठलेली नसावी, पण गाल आत गेलेले, शर्ट मात्र स्वच्छ धुतलेला. त्याने माझं स्वागत अगदी रीतसर केलं. चहा ठेवला, पाय धुवायला गरम पाणी दिलं. बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद त्याच्या हालचालींत दिसत होता, पण बोलणं मात्र थांबत थांबत यायचं.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना त्याने आपणहून सांगितलं.

"निरोप उतरवून घ्यायची एक सवय असते," तो म्हणाला. "कानावर एक एक अक्षर येतं, हात लिहीत जातो. अर्थाकडे लक्षच नसतं. अर्थ शेवटी वाचायचा. त्या दिवशी नदी धोक्याच्या खुणेवर होती. मी पाण्याचा आकडा पाठवला आणि तिकडून निरोप सुरू झाला. मी लिहीत गेलो. पोचल्याची खूण दिली. मग कागद वाचला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, कुंदा गेली म्हणून."

त्याने चहाचा रिकामा कप बाजूला सारला.

"त्यानंतर दर दोन तासांनी पाण्याचा आकडा पाठवायचा होता," तो म्हणाला. "सहा दिवस पाठवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र उघडलं. उघडल्याबरोबर माझा हात थांबला. जुनं झालेलं यंत्र कसं बिघडतं ते मला ठाऊक आहे. कथलावर पांढरी भुकटी धरते, जोड हळूहळू सैल होतात. इथे तारा उपटलेल्या होत्या. आठ-दहा जोडांवर पकडीचे दात स्पष्ट उमटले होते. बॅटरीकडून येणारी अंगठ्याएवढी जाड तार तिच्या तांब्याच्या टोकासकट पिळून काढली होती.

मी मागे वळून पाहिलं. तिजारे दारात उभा होता. आमची नजर भेटली. त्याने ती चुकवली नाही.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"बारीक जोड आज होतील," मी म्हणालो, आणि कामाला लागलो.

दुपारपर्यंत छोट्या कैयाने सगळे बारीक जोड बसवले. मग जाड तारेकडे वळलो. कैया पूर्ण तापवून टोक लावलं की ती जाड तार त्याची सगळी आग पिऊन टाकायची. कथील मऊ व्हायचं, दाण्यासारखं गोठायचं आणि बोट लावताच निघायचं. वात मोठी केली, दोनदा डबी भरली, तिसऱ्यांदा भरली. जोड बसेना. करीमभाईंचे शब्द आठवले आणि मला त्यांचाच राग आला. शेवटी हात पोळल्यावर ठरवलं की उद्या टोकाला पत्र्याचा आडोसा करून पाहू. बाटलीत अजून अर्ध्याहून जास्त स्पिरिट होतं.

लच्चूने मला वस्तीवर जेवायला बोलावलं होतं. तिजारेला मी "चला" म्हणालो. "तुम्ही जाऊन या, मी पडतो जरा," तो म्हणाला. वस्तीवर अंगण सारवलेलं, कोंबड्या, डुकरं, सगळं एकत्र पण स्वच्छ. लच्चूच्या बायकोने बांबूच्या कोंबांची आंबट भाजी वाढली. आमच्याकडे पाहुणा जेवतो तेव्हा घरचे उभे राहून वाढतात. इथे सगळं घर माझ्याबरोबर बसून जेवलं. मला ते आवडलं. परतलो तेव्हा दिवस मावळत होता. तिजारे भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मी त्याला उठवलं नाही.

यंत्र

सकाळी डबी भरली आणि काडी लावली. वात चरचरली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. बाटलीचं बूच काढून वास घेतला. काही वास नव्हता. जिभेला लावलं. पाणी होतं.

मी बाटली हातात घेऊन आत गेलो. तिजारे खाटेवर बसला होता, दोन्ही हातांनी पोट धरून.

"तिजारे, हे तुम्ही घेतलं?"

"हो," तो म्हणाला.

"सगळं?"

"होतं तेवढं."

"अहो, ते प्यायचं नसतं. विष असतं त्यात."

"चिठ्ठी वाचली मी," तो म्हणाला.

तासाभरात त्याला उलट्या सुरू झाल्या. मी मिठाचं पाणी पाजलं, लच्चूला हाक मारली. दुपारच्या सुमाराला, बाहेर लखलखीत ऊन पडलेलं असताना, तिजारेने मला विचारलं, "धुकं फार पडलंय का आज?" मी त्याच्या डोळ्यांपुढे हात धरला. तो हाताच्या पलीकडे पाहत राहिला. म्हणाला, सगळं पांढरं दिसतंय. आणखी थोड्या वेळाने तेही दिसेनासं झालं.

लच्चू म्हणाला, "मी धावत जातो आलापल्लीले. उद्या दुपारपर्यंत पोचन."

"तिथून डॉक्टर यायला आणखी दोन दिवस," मी म्हणालो. "यंत्र आज चालू झालं तर आजच निरोप जाईल, खात्याची जीप गाडीवाटेने फेरा घालून येईल. मला एक जोड बसवायचाय फक्त. कोळसा आण, आणि लोखंडाचं काही जड असेल ते आण."

त्याने वस्तीवरून कोळसा, भाता आणि एक सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली. मी सब्बलेचं टोक कानशीने चकचकीत घासलं, कोळशात लाल केलं, कथील धरावं म्हणून पेटीतल्या नवसागराच्या वडीवर रगडलं. पांढऱ्या धुराने डोळे झोंबले. कथील त्यावर धरलं आणि ते पाण्यासारखं पसरलं. लच्चूने सब्बल दोन्ही हातांनी तोलून धरली, मी टोकाला दिशा दिली. जाड तारेला ते टेकवलं आणि पाच मोजायच्या आत जोड बसला. खेचून पाहिला. हलला नाही. सगळा मिळून अर्धा तास लागला असेल.

घाम पुसताना लच्चू सहज म्हणाला, "भाऊ, असा जड कैया चांद्याले भेटत नाई काय?"

"भेटतो," मी म्हणालो. "ओझं होईल म्हणून आणला नाही."

"ओझं तर मीच आनलो असतो," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर कळलं नव्हतं.

यंत्र सुरू केलं. दिवा लागला, घरघर सुरू झाली. मला मोर्सची लिपी येत नाही. मी यंत्राला आवाज देऊ शकतो, त्याची भाषा मला कळत नाही. निरोप पाठवू शकणारा एकच माणूस तिथे होता.

आम्ही दोघांनी तिजारेला उचलून खुर्चीवर बसवलं. त्याने चाचपडत कानाचे डबे शोधले, डोक्यावर चढवले. उजव्या हाताने मोर्सची कळ शोधली. बोटं नेहमीच्या जागी बसली. त्याने हाक दिली, थांबला, पुन्हा हाक दिली. पाचव्या-सहाव्या वेळी त्याने मान हलवली. मग तो निरोप पाठवू लागला. दोन मिनिटंही लागली नसतील. मला वाटलं, कसलेला माणूस आहे, थोडक्यात सांगता येतं त्याला.

मग त्याने डावा हात पुढे केला. मी त्यात कागद दिला, उजव्या हातात पेन्सिल. उत्तर येऊ लागलं तसा तो लिहीत गेला. ओळ संपली हे त्याला दिसत नव्हतं. अर्धी दुसरी ओळ पहिलीवरच चढली.

"डॉक्टरांचं सांगितलंत ना?" मी विचारलं.

"जे कळवायचं ते कळवलं," तो म्हणाला.

मी लच्चूला म्हणालो, आता तुला धावायची गरज नाही. कागद मी नीट वाचलासुद्धा नाही. इंग्रजी अक्षरं एकमेकांवर चढलेली होती. त्यातला 'निघाला' एवढाच शब्द मला लागला आणि तेवढा मला पुरला. कागद घडी घालून खिशात ठेवला.

वाट पाहणं

दुसऱ्या दिवशी सकाळी तिजारेचा श्वास वाढला. खूप धावून आल्यासारखा तो श्वास घेत होता. अंग कापत होतं. लच्चू घरून मोहाच्या दारूची बाटली घेऊन आला.

"थोडी देऊ काय? पेनाऱ्याचं अंग असंच कापते. घोटभर देल्ली तर थांबन."

"दारूनेच हे झालंय आणि तू पुन्हा दारू पाजतोस?" मी त्याच्यावर ओरडलो. त्याने बाटली गुपचूप ओसरीच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

नंतर नागपुरात ओळखीच्या एका डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले की अशा विषावर साधी दारू वेळेवर देतात, ती त्या विषाला अडवते. वाचला असता असं म्हणता येणार नाही, उशीर झाला होता, असं त्यांनी लगेच पुढे जोडलं. ते माझ्यासाठी जोडलं, हे मला कळलं.

तिजारे मधूनमधून शुद्धीवर येत होता. एकदा त्याने सांगितलं, "यंत्र बंद करू नका. घरघर ऐकू येऊ द्या." मी ते चालू ठेवलं. एकदा म्हणाला, "तुमच्या अहवालात काय लिहाल?"

"जोड जुने होऊन सुटले होते, असं लिहीन."

त्याने डोळे मिटले. "बरं," म्हणाला.

दुपारी चारच्या सुमाराला तो गेला. मी त्याच्या उशाशी होतो, लच्चू पायाशी. नदीवर बायका पाणी भरत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

वस्तीतल्या प्रत्येक घराने एकेक लाकूड आणून दिलं. आमच्याकडे सरण विकत घेतात. इथे कुणी सांगायला गेलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. माणसं येत होती, खांद्यावरचं लाकूड ठेवत होती आणि बाजूला उभी राहत होती. अग्नी कुणी द्यायचा हा प्रश्न आला. लच्चूने माझ्याकडे पाहिलं. मी दिला.

जीप निरोपानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आली. तिच्यातून वळकटी आणि ट्रंक घेऊन एक तरुण उतरला. मी जीपच्या मागे जाऊन पाहिलं. आणखी कोणी नव्हतं.

"डॉक्टर कुठे आहेत?"

"डॉक्टर?" तो गोंधळला. "मी बदली ऑपरेटर. डॉक्टरचं आम्हाला कोणी सांगितलं नाही."

त्याच्याजवळ निरोपाची प्रत होती. त्याने ती मला वाचून दाखवली. यंत्र दुरुस्त झालं आहे. मेकॅनिकचं काम पूर्ण. ऑपरेटर काम करण्यास असमर्थ, बदली माणूस पाठवावा. एवढंच. मी खिशातला कागद काढला आणि आता सावकाश, एकेक अक्षर सोडवत वाचला. निरोप पोचला. बदली माणूस निघाला.

तरुणाने सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता. तरी तो यंत्रापुढे बसला, कारण कळवणं भाग होतं. "घरच्यांनाही तार जाईल," तो म्हणाला.

"खात्याला कळवा," मी म्हणालो. "घरी मात्र तार पाठवू नका. मी याच जीपने निघून वर्ध्याला जातो."

"नियमाप्रमाणे..."

"दोन दिवस थांबा. एवढंच मागतो."

तो थांबला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्या दोन दिवसांसाठी मी त्याचा ऋणी आहे.

वर्धा

परतीच्या प्रवासाचं मला फारसं आठवत नाही. चांद्याला करीमभाईंच्या दुकानासमोरून गेलो. ते कंदिलाचं काम करत होते. मी आत गेलो नाही.

वर्ध्याला तिजारेचं घर शोधायला वेळ लागला नाही. कौलारू चाळीतली शेवटची खोली. दार त्याच्या पत्नीने उघडलं. तिशीची बाई, हाताला पीठ लागलेलं. मी चौकीवरून आलो आहे म्हणताच तिने मला आत घेतलं, सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी ते पाणी प्यायलो आणि मगच सांगितलं.

तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. स्पिरिट माझं होतं, हेही मी सांगितलं. दारू द्यायला मी नको म्हणालो, हेही सांगितलं. यंत्राच्या तारा उपटलेल्या होत्या, ते मात्र सांगितलं नाही. स्पिरिटबद्दल ती काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती काहीच बोलली नाही. आज इतक्या दिवसांनीही त्याचा दोष तिने माझ्यावर ठेवला की सोडून दिला, मला ठाऊक नाही.

"फार त्रास झाला त्यांना?" तिने विचारलं.

"एक दिवस झाला," मी म्हणालो. "शेवटी नाही."

"मला काही लिहिलं होतं?"

"त्यांना दिसत नव्हतं," मी म्हणालो.

मग मला तो कागद आठवला. त्यात तिच्यासाठी काही नव्हतं, खात्याचं उत्तर होतं. द्यावा की नाही ते कळेना. शेवटी काढून तिच्यापुढे ठेवला आणि तो काय आहे ते सांगितलं.

तिने हात पदराला पुसले. कागद मांडीवर ठेवून घडी मोडली. एक ओळ दुसरीवर चढलेली, पेन्सिल काही ठिकाणी कागदातून आरपार गेलेली. इंग्रजी तिला येत नव्हतं. तरी ती बराच वेळ पाहत राहिली आणि एका ओळीवरून तिने बोट फिरवलं.

"अक्षर त्यांचंच आहे," ती म्हणाली, आणि रडू लागली.